रॉकचा अल्बम आणि आमची एकांकिका

सांगली,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार. परवा फोनवर तू विचारलंस, कॉलेजच्या पोरांना घेऊन यंदा काय बसवतोयस, आणि मी ‘लिहून कळवतो’ म्हणालो. फोनवर सांगून संपलं नसतं म्हणून हे पत्र.

आम्ही ‘इन द एरोप्लेन ओव्हर द सी’ करतोय. न्यूट्रल मिल्क होटेल या अमेरिकन रॉक बँडचा १९९८ चा अल्बम, तुझ्या विश्रामबागच्या खोलीत आपण रात्ररात्र ऐकायचो तोच. अख्खा अल्बम चाळीस मिनिटांचा, म्हणजे एकांकिकेच्या वेळेत नेमका बसतो.

आता तू विचारणार, त्यात गोष्ट कुठाय? गोष्ट नाहीच रे. जेफ मँगम नावाचा माणूस, या बँडचा गायक, ॲन फ्रँक या ज्यू मुलीची डायरी वाचतो आणि मुळापासून हलतो. पंधरा वर्षांची पोर १९४५ च्या सुरुवातीला नाझींच्या बर्गेन-बेल्झन छावणीत मरण पावली, आणि त्याच वर्षी १५ एप्रिलला ब्रिटिश फौजांनी ती छावणी सोडवली. मधले ते थोडेसे आठवडे या माणसाला सोसवत नाहीत. आपल्या जन्माच्या कितीतरी आधी गेलेल्या मुलीला त्याला वाचवायचंय. ते म्हणता म्हणता गाणी कुठल्या कुठे जातात. काचेत तरंगणारा दोन डोक्यांचा मुलगा येतो, भूत येतं, मधेच येशूचा धावा येतो. पण खाली दुःख एकच वाहत असतं.

विद्यार्थ्यांनी यावर नाटक करणं तसं नवं नाही. अमेरिकेत लेक्सिंग्टनच्या शाळेतल्या मुलांनी २००९ मध्ये केलंय. तिथली माजी विद्यार्थिनी अमांडा पामर, ही स्वतः रॉक गायिका, तिने आपल्या जुन्या नाट्यशिक्षकांबरोबर ते उभं केलं. पोरांना मी एवढंच सांगितलं, की हे होऊ शकतं याला तो पुरावा आहे. आपलं आपण शोधायचं.

सुरुवातीला पोरं गाण्यांचे मराठी तर्जुमे करून घेऊन आली. मेहनत खूप केली होती, पण मंचावर त्याचं काव्यवाचन व्हायला लागलं. एक उभा राहून म्हणतोय, बाकीचे भावुक चेहरे करून ऐकतायत. अडलं ते तिथेच. सुटलं ते आपल्या गावामुळे. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं तेव्हा पदं सूत्रधार म्हणायचा, आणि पात्रं त्या पदांवर अभिनय करायची. दरवर्षी रंगभूमी दिनाला आपण नटराजाची पूजा करतो, नारळ फोडतो, भाव्यांचं नाव घेतो. पण त्यांच्या नाटकाचा तो घाट कुणी हातात घेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. अल्बम नाटकात आणायला याहून चांगली रीत कुठली असणार? गाणारा एकच, सुरुवातीपासून शेवटपर्यंत समोर. बाकीच्यांनी बोलायचंच नाही.

सूत्रधार म्हणून आटपाडीकडचा ओंकार घेतलाय. भजनी मंडळात वाढलाय, माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. मँगमसारखाच खडा आवाज, वर जाताना चिरकतो आणि तरी माघार घेत नाही. तो चिरका सूर दुरुस्त करायचा नाही, हे त्याला पटवायला वेळ लागला.

ॲनचं पात्र नाही. कुणी फ्रॉक घालून ॲन होणार नाही, यावर मी अडून बसलो. आहेत ती नाझींपासून लपलेली आठ माणसं. जुलै १९४२ ते ऑगस्ट १९४४ ती ॲमस्टरडॅममधल्या एका कचेरीच्या मागच्या भागात दडून होती. खाली गोदामात कामगार असायचे, म्हणून दिवसा बूट घालून चालायचं नाही, नळ सोडायचा नाही. आमचं नाटक एवढ्यावरच उभं आहे. सूत्रधार बेंबीच्या देठापासून ओरडतोय, गिटार फाटेपर्यंत वाढवलीय, आणि ही आठ जणं भांड्याला भांडं लागू देत नाहीत. संगीत मधेच तुटतं तेव्हा काहीसुद्धा ऐकू येता कामा नये. श्रुती परवा स्टीलचा पेला लाकडी लेव्हलवर, म्हणजे मंचावरच्या चौथऱ्यावर, ठेवत होती. आधी करंगळी टेकवली, तिच्यावर पेल्याची कड घेतली, मग हळूहळू करंगळी बाहेर ओढली. कुणी शिकवलं नव्हतं. तालमीच्या हॉलमध्ये पंखा बंद करून आम्ही सगळे बघत राहिलो.

आणि करवत! अल्बममध्ये ज्युलियन कोस्टरने वाजवलेली ती रडणारी करवत तुला आठवत असेलच. आमच्या सुमितने ओळखीच्या सुताराकडून लांब पात्याची करवत आणली. मूठ गुडघ्यांत धरायची, दाते आपल्याकडे, टोक डाव्या हाताने वाकवून पात्याला नागमोडी बाक द्यायचा आणि बिनदात्याच्या कडेवर व्हायोलिनचा गज ओढायचा. बाक वाढवला की सूर चढतो. गजाला राळ लावूनही आधी नुसता कर्कश आवाज यायचा. मग पात्यावरची एक जागा सापडली आणि तिथून जे उमटलं, त्याने ओंकार गाता गाता थांबला.

ट्रंपेट आणि युफोनियमसाठी मिरजेचे लग्नाच्या बँडमधले दोन वादक येतात. वरातीत वाजवणारी माणसं ती, दम कसा राखायचा हे त्यांना सांगावं लागत नाही. अल्बममधल्या ब्रासचा तो हर्ष-शोक मिसळलेला गलका त्यांनी पहिल्याच बैठकीत पकडला.

वाद एकच मोठा झाला. काही पोरांचं म्हणणं, हॉलंड कशाला, २०१९ च्या महापुरातली मुलगी करू, लोकांना भिडेल. त्यांतल्या एकीच्या घरात तेव्हा पाणी शिरलं होतं, तेव्हा तिचं बोलणं मी नीट ऐकून घेतलं. तरी नाही म्हणालो. पुरात ज्यांचं माणूस गेलं ते प्रेक्षागृहात बसलेले असतील. त्यांचं दुःख आपण उसनं घ्यायचं नाही. शिवाय जिला कधी पाहिलं नाही, जिची भाषासुद्धा आपली नाही, तिच्यासाठी जीव तुटणं हाच तर या अल्बमचा प्राण आहे. सांगलीच्या पोरांचा ॲमस्टरडॅमच्या मुलीसाठी तुटायला काय हरकत आहे?

हक्कांसाठी अल्बम काढणाऱ्या मर्ज रेकॉर्ड्स कंपनीला रीतसर पत्र गेलंय. संहिता नाटकांना मंजुरी देणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवायची आहे. परवानगी आली नाही तर मूळचं एकही गाणं घेणार नाही; शब्द आणि चाली आपल्याच असतील. तिथे मला तू हवा आहेस. अल्बममधल्या ‘ओह कम्ली’ या गाण्याच्या जागी आठ मिनिटांचं पद लागेल, एकट्या गळ्याचं, सोबत फक्त गिटार. मुखडा परत परत आलेला चालणार नाही. चाल पुढे पुढेच जायला हवी आणि शेवटच्या दोन मिनिटांत ट्रंपेटला जागा हवी. शब्द सोबत पाठवतोय. मीटर सैल आहे, तुला हवं तिथे तोड.

शनिवारी तालीम संध्याकाळी सहाला सुरू होते. दुपारच्या गाडीने निघालास तरी वेळेत पोचशील. पेटी आणू नकोस, इथे आहे. वहिनींना नमस्कार, पिल्लाला पापा.

तुझा,
अजित