पंधरा वर्षं वापरायची गाडी

सातारा

चि. सुशांत,

अनेक आशीर्वाद.

कोणती गाडी घेऊ म्हणून तू पाठवलेल्या यादीतल्या दोन्ही छोट्या एसयूव्ही मी खोडल्या. दिसायला दणकट आहेत, पण चार मीटरच्या आत बसवताना त्यांची पाठच आखूड केलेली असते. तुम्ही घरची चार माणसं. साताऱ्याहून सांगलीला परतताना मागे गव्हाचं पोतं, तांदूळ, मुलीची सायकल आणि आजीची घडीची खुर्ची असणारच. त्यासाठी गाडी लांब, उंच छताची आणि मागे सपाट हवी. अशा अस्सल वॅगन आपल्याकडे येऊन गेल्या: मारुतीची बलेनो अल्टुरा, टाटाची इंडिगो मरीना. पण डिकी वेगळी बाहेर दिसली तरच गाडी मानाची, असा तेव्हाचा हिशेब होता, त्यामुळे त्या चालल्या नाहीत. आज तोच आकार एमपीव्ही, म्हणजे माणसं आणि सामान दोन्हीसाठीची गाडी, म्हणून विकला जातो.

यादीत उरल्या वॅगनआर आणि ट्रायबर. त्यात मी मारुतीची सात सीटची एर्टिगा घालते, आणि सेकंडहँड घालते.

वॅगनआर वाईट नाही. उंची १६७५ मिमी, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या माणसाला वाकावंही लागत नाही आणि चढावंही लागत नाही. सीटवर टेकायचं आणि पाय आत घ्यायचे. डिकी ३४१ लिटरची. पण मागे तिघं बसले की सामानाला तेवढीच जागा, आणि पोतं व सायकल एकत्र मावत नाही. ट्रायबरची तिसरी रांग उचलून घरी ठेवता येते, मग मागे ६२५ लिटर जागा मिळते. सातही सीट लावल्या तर उरते ८४. इंजिन मात्र ९९९ सीसीचं, तीन सिलिंडरचं, ७२ पीएस (अश्वशक्ती) ताकदीचं. चौघांना पुरेल. सात माणसं आणि बॅगा घेऊन पसरणी किंवा खंबाटकी घाट चढायचा तर दुसऱ्या गिअरच्या वर जाता येणार नाही, आणि एसी लावला की तेही जड जाईल.

एर्टिगा ४३९५ मिमी लांब, इंजिन १४६२ सीसीचं, १०३ पीएसच्या आसपास. तिसरी रांग उभी असताना डिकी २०९ लिटर, ती पाडली की साधारण ५५०. तुमच्या घरात ती रांग वर्षातले बहुतेक दिवस पाडलेलीच राहील, म्हणजे गाडी खऱ्या अर्थाने वॅगन होईल. नवी घेऊ नकोस म्हणते त्याचं कारण कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना १८ टक्के जीएसटी आहे. एर्टिगा लांबीतही बाहेर आणि सीसीतही बाहेर, म्हणून तिला ४० टक्के. तो कर पहिल्या मालकाने भरलेला बरा.

सुरक्षिततेचं आधीच सांगते, नाहीतर तू नंतर विचारशील. ग्लोबल एनकॅप ही संस्था गाड्या आदळवून पाचपैकी तारे देते, तिच्या चाचणीत वॅगनआरला २०२३ साली मोठ्यांसाठी १ तारा मिळाला. ट्रायबरला २०२१ मध्ये ४ मिळाले होते, एर्टिगाला २०१९ मध्ये ३, पण ते जुन्या नियमांनी. २०२२ पासून नियम कडक झाले आणि २०२४ मध्ये एर्टिगा १ ताऱ्यावर आली. तारा हाच तुझा पहिला निकष असेल तर ही यादी सोड आणि बजेट वाढव. नसेल तर मागच्या सीटला आयसोफिक्स (लहान मुलांची सीट अडकवायचे हूक) आहे का बघ, मुलीची सीट त्यालाच लाव, आणि मागच्यांनीही बेल्ट लावायचा हा नियम घरात कर.

इंजिन साधं पेट्रोल, गिअर हाताचे. टर्बो नको: जास्त नळ्या, जास्त उष्णता, आणि ऑइल बदलायला उशीर झाला की टर्बो आधी जातो. डिझेल नको, कारण विश्रामबाग ते ऑफिस एवढ्याशा धावण्यात सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर तापतच नाही, तो तुंबतो आणि मग मोठा खर्च काढतो.

सीएनजीचा हिशेब कर आणि मग ठरव. पेट्रोल १०४ रुपये आणि गाडी लिटरला १७ किमी धरली तर किलोमीटरला ६ रुपये १० पैसे. सीएनजी ९० रुपये किलो आणि किलोला २५ किमी धरले तर ३ रुपये ६० पैसे. वाचले अडीच रुपये. सीएनजीच्या गाडीला ९५ हजार जास्त मोजावे लागले तर ते ३८ हजार किलोमीटरनंतर वसूल होतात. तुझं धावणं वर्षाला आठ हजार असेल तर जवळजवळ पाच वर्षं लागतील. शिवाय सिलिंडर बसतो नेमका डिकीत, जिच्यासाठी ही गाडी घ्यायची तिथेच, आणि दर तीन वर्षांनी त्याची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी, करून घ्यावी लागते.

आता कोणत्या सालची. जमलं तर एप्रिल २०२३ नंतर बनलेली घे. तेव्हापासून बीएस-६ या धुराच्या नियमांचा दुसरा टप्पा लागू झाला आणि त्या गाड्या ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या, पेट्रोलसाठी बनवलेल्या आहेत. त्याआधीच्या गाडीतही पंपावर हेच पेट्रोल पडणार. मायलेज थोडं घसरतं, आणि जुन्या रबरी नळ्या, सील यांच्यावर वर्षानुवर्षं परिणाम होतो. तुला ही गाडी आणखी बारा वर्षं ठेवायची आहे, म्हणून हा मुद्दा मी महत्त्वाचा धरते.

बजेटमुळे २०२० किंवा २०२१ ची घ्यायची वेळ आली तर आधी पुराचा विचार कर. जुलै २०२१ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत कुठवर आलं होतं ते तुला माहीत आहे, आणि पुरातली गाडी धुऊन, पॉलिश करून दुसऱ्या जिल्ह्यात विकता येते. २०१९ च्या गाडीने ऑगस्टचा पूरही बघितलेला असू शकतो. म्हणून प्रत्येक सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढ: आतल्या टोकाला गाळाची रेघ किंवा कुबट वास असेल तर तिथूनच परत फिर. पुढची सीट पूर्ण मागे-पुढे सरकवून रुळांचे बोल्ट बघ. छत कोरडं आणि बोल्ट मात्र गंजलेले, असं झालं तर पाणी खालून आलेलं आहे. गालिच्याची कड उचलून खाली हात फिरव. फ्यूज बॉक्समधल्या पिना हिरव्या पडल्या आहेत का, हेडलाइटच्या काचेत आतून माती आहे का, बघ. एर्टिगाची स्मार्ट हायब्रिडची (इंजिनाला थोडी मदत करणाऱ्या विजेच्या यंत्रणेची) छोटी लिथियम बॅटरी पुढच्या डाव्या सीटखाली असते, म्हणजे गुडघाभर पाणी आलं की पहिली तीच भिजते, आणि ती महाग आहे. मालकाकडून त्या वर्षीच्या विम्याचे कागद माग. २०२३ नंतरच्या गाडीलाही हे सगळं करच, कारण तळघरातल्या पार्किंगमध्ये पाणी कोणत्याही पावसाळ्यात साचतं.

गाडी बघायला सकाळी जा आणि आधी फोन करून सांग की सुरू करून ठेवू नका. बोनेटला हात लाव, कोमट लागलं तर काहीतरी लपवायचं आहे असं धर. ऑइलचं झाकण उलटं करून बघ. आत दुधासारखा थर असेल तर पाणी ऑइलमध्ये जातं आहे, किंवा गाडी नुसती छोट्या फेऱ्या मारत होती. कोणतं ते कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, पातळी सांगेल: ती कमी झाली असेल तर पहिलं. क्लचसाठी सपाट जागी हँडब्रेक ओढ, चौथा गिअर टाक आणि थोडा एक्सलेटर देऊन क्लच सोड. इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे. घुमत राहिलं तर क्लच संपला. एकदाच कर, पुन्हा पुन्हा नको.

टायरवर चार आकडे असतात, १८२३ म्हणजे २०२३ चा अठरावा आठवडा. मीटर तीस हजार दाखवतो आणि चारही टायर नवे, तर मीटरवर विश्वास ठेवू नकोस. पेडलचं रबर आणि स्टिअरिंगची झिलई खरं बोलतात. एर्टिगा टॅक्सीत फार चालते, त्यामुळे पार्ट तालुक्याच्या गावीही मिळतात, पण पिवळी पाटी उतरवून पांढरी केलेल्या गाड्याही बाजारात येतात. आरसीवर आधीची नोंद बघ आणि डिकीच्या पत्र्यात बुजवलेली भोकं शोध; तिथे सिलिंडर होता. स्टेपनी या गाडीत खालून टांगलेली असते. ती उतरवायला सांग. बोल्ट गंजून बसला असेल तर गाडीखाली कोणी बघितलेलंच नाही.

घेतल्यावर खर्च कुठे येईल तेही ऐक. टायमिंग चेन आहे, पट्टा नाही, त्यामुळे ठराविक किलोमीटरला पट्टा बदलायची कटकट नाही. पण ऑइल दहा हजार किमी किंवा एक वर्ष, जे आधी येईल तेव्हा बदललंच पाहिजे, आणि पुस्तकात लिहिलेल्याच ग्रेडचं. मेकॅनिक जाड ऑइल सुचवेल, ऐकू नकोस. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदल, गाडी कमी चालली तरी. ते हवेतलं पाणी शोषतं, मग यवतेश्वरचा घाट उतरताना तापून त्यात वाफ होते आणि पेडल खाली जातं. उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवलीस तर ब्रेकवर तेवढा भारच येत नाही. खड्ड्यांमुळे पुढच्या चाकांचे लिंक रॉड आणि लोअर आर्मचे बुश (रबरी सांधे) आधी वाजायला लागतील; ते स्वस्तात होतात, पण आवाज आल्यावर महिनाभर चालवलंस तर टायर एका कडेने खातो. सात माणसं बसवशील त्या दिवशी मागच्या टायरमध्ये हवा वाढव, आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो. कॅरिअरवर जड काही बांधू नकोस, उंच गाडी वळणाला कलते.

ऊसतोड सुरू झाली की फडातले उंदीर बाहेर पडतात आणि गरम बोनेटखाली शिरतात. वायरिंग कुरतडलं की खर्च मोठा, आणि साध्या विम्यात तो मिळेलच असं नाही, पॉलिसी वाचून घे. लोक तंबाखूची पानं ठेवतात, माझा त्यावर विश्वास नाही. रात्री बोनेट उघडं ठेवणं आणि आठवड्यातून दोनदा टॉर्च मारून बघणं याचा जास्त उपयोग होतो.

कागदांत मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५, थकलेले ई-चलान शून्य. विमा चौदा दिवसांत तुझ्या नावावर करून घे, आणि नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जुन्या मालकासोबत जातो हे किमतीत धर. आरसीची पंधरा वर्षं पहिल्या नोंदणीपासून मोजतात, तू घेतल्यापासून नाही. २०२३ ची गाडी २०३८ ला नूतनीकरणाला येईल, तेव्हा पाच हजारांच्या घरात फी आणि वर पर्यावरण कर लागेल. २०२० ची घेतलीस तर तेच तीन वर्षं आधी. दोन गाड्यांच्या किमतीत फार फरक नसेल तर ही तीन वर्षं मोजून मग भाव कर.

तुझी,
आई