मोकळी जागा शेवटी नको, आधी मोजा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पाडव्याला आपल्या अंकासोबत नव्या गृहप्रकल्पांच्या जाहिरातींची पुरवणी आली. एका प्रकल्पात ‘७० टक्के ओपन स्पेस’, शेजारच्या पानावर ‘७५ टक्के’, आणि शेवटच्या पानावरच्या गृहस्थांनी तर ती ८० वर नेऊन ठेवली आहे. जाहिराती छापणे हा आपला व्यवसाय आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण हे ७० आणि ८० येतात कुठून, ते मी सांगू शकतो. आयुष्याची ३१ वर्षे मी वास्तुविशारदांकडे ड्राफ्ट्समन म्हणून काढली आणि असे आकडे काढून देणे हे माझेच काम होते.

कृती सोपी आहे. भूखंडाचे एकूण क्षेत्रफळ घ्यायचे आणि त्यातून इमारतींच्या खालची जागा वजा करायची. उरले ते सगळे ‘ओपन’. त्यात गाड्यांचा रस्ता आला, अग्निशमनाचा बंब फिरावा म्हणून सोडलेली वाट आली, इमारतींभोवतीचे सामासिक अंतर आले. ट्रान्सफॉर्मर, जनरेटर, उघड्यावरचे पार्किंग, वॉचमनच्या केबिनपुढची फरशी, तेही आले. पोराला चेंडू टाकता येईल अशी जागा त्यात किती, हे त्या आकड्यावरून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

कायद्याला अपेक्षित असलेली मोकळी जागा निराळी आहे, आणि बरीच लहान आहे. मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागाला डिसेंबर २०२० पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिच्यानुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा ले-आउट करताना १० टक्के क्षेत्र ‘रिक्रिएशनल ओपन स्पेस’ म्हणून राखावे लागते. ०.४ हेक्टर म्हणजे ४० आर, ढोबळमानाने एक एकर. ही जागा शक्यतो एकाच ठिकाणी असावी, असेही नियम सांगतो. जाहिरातीतल्या सत्तरातली खेळायला-बसायला म्हणून राखलेली जागा एवढीच, दहा टक्के. आणि या दहाचे काय होते ते सांगायचे तर आधी स्वतःबद्दल थोडे कबूल करायला हवे.

नकाशा काढताना क्रम ठरलेला असे. साहेब आधी रस्ता टाकत, मग इमारती बसवत. एफएसआय, म्हणजे भूखंडावर जेवढे बांधकाम करायला परवानगी असते तेवढे, पुरते बसले की पार्किंग. हे सगळे जमले की कागद माझ्या टेबलावर येई आणि साहेब म्हणत, “यात दहा टक्के कुठे बसतात बघ जरा.” मी ट्रेसिंग पेपरवर कोपरे शोधू लागे. हद्द तिरकी असली की कुठेतरी त्रिकोण सुटलेला असायचाच. नाल्याकाठी पट्टी उरायची. विजेच्या मोठ्या तारांखाली बांधता येत नाही, मग तिथे बाग. पाया गुणिले उंची भागिले दोन करत करत बेरीज दहा टक्क्यांवर आणायची आणि अमोनिया प्रिंट निघाली की त्या तुकड्यांवर हिरवा वॉश मारायचा. डाग न पडता रंग एकसारखा बसावा म्हणून मी शाईत पाणी जरा जास्त घालत असे. साहेबांना माझा वॉश आवडायचा. ऑफिसात त्या जागेला बाग कुणीच म्हणत नसे. आम्ही म्हणायचो, “हिरवे बसले.” जमिनीचे ३९-३९ आरचे सातबारे आधीच पाडून आणणारे मालकही त्या काळी पाहिले. चाळीसच्या आत राहिले की हिरवे बसवायची कटकटच नको.

तेव्हा यात काही वाईट आहे असे वाटले नाही. बेरीज बरोबर होती, सही-शिक्का होता.

निवृत्तीनंतर पुण्याच्या कडेला फ्लॅट घेतला आणि या विद्येचे फळ पदरात पडले. गावाचे, सोसायटीचे, बिल्डरचे नाव मुद्दाम देत नाही. नाव दिले की विषय त्या एकट्याचा होतो. आमची जमीन १ हेक्टर २० आर, सहा इमारती, २४० फ्लॅट. बुकिंगच्या वेळी सेल्स ऑफिसातल्या काचेच्या पेटीत मॉडेल होते, त्यात मधोमध हिरवळ आणि स्पंजची झाडे. मंजूर नकाशाची प्रत मी सवयीने मागून घेतली होती. तीत मोकळी जागा १,२०० चौरस मीटर, तीन तुकड्यांत. म्हणजे नियमाप्रमाणे बरोब्बर दहा टक्के. नकाशा पाहताच मी मनात म्हटले, कुणीतरी हिरवे छान बसवले आहे.

गेल्या मे महिन्यात मी आणि आमच्याकडचे एक निवृत्त तलाठी (सगळे त्यांना भाऊसाहेबच म्हणतात) सकाळी सहाला ३० मीटरचा टेप घेऊन खाली उतरलो. पहिला तुकडा नकाशात ५४० चौरस मीटरचा. त्याच्या एका टोकाला क्लब हाऊस, त्यापुढे फरशी, आणि राहिलेली हिरवळ पार्किंगच्या छतावर. दुसरा ३८० चा, मागच्या भिंतीलगतची पट्टी. तीत पाण्याची भूमिगत टाकी, तिची लोखंडी झाकणे आणि पंपघर. त्यांच्या पलीकडे मात्र खरीखुरी माती. तिसरा २८० चा, तो आता पाहुण्यांचे पार्किंग आहे. तिथे भोकांचे पेव्हर ब्लॉक आहेत आणि भोकांतून गवत डोकावते म्हणून वार्षिक अहवालात त्याला ‘ग्रीन पार्किंग’ म्हटले जाते. बेरीज केली. बाराशेपैकी पायाला माती लागते ती २१० चौरस मीटरला, तीही भिंतीच्या सावलीतली. भाऊसाहेब टेप गुंडाळत म्हणाले, “माझ्याकडं आलं असतं ना, तर पीकपाहणीत ‘पड’ लिहून मोकळा झालो असतो.”

२४० घरांत २१० चौरस मीटर. घरटी एक चौरस मीटरही नाही. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक सूत्रांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा धरलेली आहे. त्यात सार्वजनिक उद्याने, मैदाने सगळी येतात हे मला ठाऊक आहे. पण सारसबाग किंवा वेताळ टेकडी ज्यांना चालत जाण्याच्या अंतरावर आहे त्यांची गोष्ट वेगळी. शहराच्या नव्या कडेला राहणाऱ्या पोरांना सोसायटीच्या फाटकाच्या आत जे आहे तेवढेच.

त्या छतावरच्या हिरवळीबद्दल दोन शब्द लिहितो, कारण पुढे तीच सर्वत्र येणार आहे. स्लॅबवर वॉटरप्रूफिंग, त्यावर हातभर माती. आम्ही हौसेने तिथे जांभूळ लावले. दुसऱ्या पावसाळ्यात ते एका बाजूला कलले आणि त्याच सुमारास खाली कुणाच्या तरी गाडीवर पाणी ठिबकू लागले. सभेत ठराव झाला, जांभूळ गेले. आता तिथे डुरांटाची कापलेली कुंपणे आहेत, कुंड्यांत अरेका पाम आहेत आणि ‘लॉनवर खेळू नये’ अशी पाटी आहे. पडलेले पाऊसपाणी पाइपातून सरळ गटारात जाते. एप्रिल लागला की आम्ही टँकर मागवतो.

सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न येऊन गेलेला आहे. मुंबईतल्या एका प्रकल्पाच्या वादात न्या. एच. एल. गोखले आणि न्या. जे. चेलमेश्वर यांच्या पीठाने १७ डिसेंबर २०१३ रोजी निकाल दिला, की नियमाने सक्तीची असलेली किमान मनोरंजन जागा जमिनीवरच हवी, पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतासारख्या उंचावलेल्या स्लॅबवर, दाखवून भागणार नाही. पोडियमवर बाग करायची तर ती त्याच्याखेरीज. मला वाटले, संपला विषय. पण मुंबईची २०३४ सालापर्यंतची नवी नियमावली आली आणि तिने सक्तीच्या जागेपैकी ४० टक्के पोडियमवर चालेल असे म्हटले. उरलेली ६० टक्के जमिनीवर, आणि तिच्यातलीही निम्मीच नैसर्गिक मातीवर असणे बंधनकारक. नियमाच्या इंग्रजी मजकुरात या मातीला ‘मदर अर्थ’ असा शब्द आहे. शंभरात तीस हा आईचा वाटा.

बिल्डरांची बाजू मला माहीत आहे, त्यांच्याच पैशावर माझे घर चालले. जमिनीचा भाव, जादा बांधकामासाठी भरायचा प्रीमियम, पार्किंगच्या अटी, हे सगळे एकाच तुकड्यात बसवायचे असते. आणि सगळा दोष त्यांचाही नाही. आमचा तिसरा तुकडा बिल्डरने घेतला नाही, तो आम्हीच घालवला. तिथे घसरगुंडी आणि दोन झोपाळे होते. गाड्या वाढल्या, सर्वसाधारण सभेत पार्किंगचा विषय आला आणि ठराव बहुमताने मंजूर झाला. मीही हात वर केला होता. माझी गाडी तेव्हा रस्त्यावर उभी असे. गृहप्रकल्पांचे नियमन करणाऱ्या रेरा कायद्याने बाग आणि खेळाची जागा ही सामायिक क्षेत्रे ठरवली आहेत आणि मंजूर आराखड्यात बदल करायला बिल्डरला दोन-तृतीयांश ग्राहकांची लेखी संमती घ्यावी लागते. पण फ्लॅटधारकच हात वर करायला तयार असतील तर झोपाळ्यांची बाजू मांडणार कोण? झोपाळ्यावरच्यांना मत नसते.

म्हणून टक्के वाढवा, असे मी म्हणत नाही. दहाचे पंधरा केले तर माझ्यासारखा कुणीतरी पंधरा बसवून देईल. हल्ली तर संगणकावर तो त्रिकोण क्षणात मोजून मिळतो. माझे म्हणणे क्रमाविषयी आहे. नकाशात ही जागा शेवटी येते आणि जमिनीवरही शेवटीच, राडारोडा हलवल्यावर. तोवर तिथे सिमेंटचे गोडाऊन असते, लेबर कॅम्प असतो, आणि खालची माती तुडवून दगड झालेली असते.

बांधकाम जोत्यापर्यंत आले की ते मंजूर नकाशाप्रमाणे आहे की नाही याची तपासणी करण्याची पद्धत आहेच. त्याच फेरीत मोकळ्या जागेलाही टेप लावावा. चारी कोपऱ्यांवर दगड रोवावेत, तारेचे कुंपण घालावे आणि त्या क्षणापासून तिथे विटाही रचू देऊ नयेत. झाडे तेव्हाच लावली तर ताबा मिळेपर्यंत ती तीन-चार वर्षांची होतील. पहिल्या इमारतीचे भोगवटा पत्र, म्हणजे राहायला जाण्याची परवानगी, या जागेची मोजणी झाल्याशिवाय देऊ नये. शेवटच्या इमारतीवर ठेवले तर काय होते ते सर्वांना माहीत आहे: शेवटची इमारत कधी पूर्णच होत नाही. आणि फाटकाशी एक पाटी असावी, या सोसायटीची मोकळी जागा अमुक चौरस मीटर, तिच्या हद्दी अशा. सभेत ठराव मांडणाऱ्याला निदान त्या पाटीखालून यावे लागेल.

यासाठी नवा कायदा लागेल असे मला वाटत नाही. तपासणीच्या फॉर्मात एक रकाना वाढवला तरी बरेच काम होईल.

आपल्याकडेही एक मागणे आहे. ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पांच्या जाहिरातींत महारेराचा क्यूआर कोड छापावा लागतो. तसाच, सक्ती नसली तरी, आपल्या पुरवणीत प्रत्येक जाहिरातीखाली एक ओळ येऊ द्या: मंजूर मोकळी जागा किती चौरस मीटर, त्यातली मातीवर किती, आणि घरे किती. भागाकार वाचक करतील. जाहिरातदार कुरकुरतील, पण ज्याच्याकडे जागा आहे तो आनंदाने छापील.

दसऱ्याच्या पुरवणीला अजून अवधी आहे. कुणाला आपल्या सोसायटीची जागा मोजून पाहायची असेल तर टेप माझ्याकडे आहे. दुसरे टोक धरायला भाऊसाहेब तयार आहेत, फक्त सकाळी सहाची वेळ पाळावी लागेल. नंतर गाड्या निघायला लागतात आणि टेप आडवा धरता येत नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त ड्राफ्ट्समन, पुणे