रंगाच्या आतला कॉलम बघा

मा. संपादक,

किल्लारीच्या भूकंपानंतर आपल्याकडे एक गोष्ट डोक्यात पक्की बसली : दगड-मातीचं माळवद जीव घेतं, सिमेंटची इमारत वाचवते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जे झालं ते बघता असं वाटणं साहजिक आहे. पण मी लातुरात उभी हयात कॉलम-बीमचं लोखंड बांधलंय. माझा एवढा भरवसा नाही.

भूकंप झाला तेव्हा आपला भाग भूकंपाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये होता, २००२ मध्ये तो तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या झोनमध्ये टाकला. त्या वेळच्या इमारतींत नऊ इंची कॉलम, सहा एमएमच्या रिंगा (उभ्या गजांना आवळणारी लोखंडी कडी) आणि त्याही आठ-नऊ इंचांवर एक, अशीच रीत होती. रिंगेचं टोक काटकोनात वाकवून सोडून द्यायचे. मोठा हादरा बसला की बाहेरचं काँक्रीट फुटतं, अशी रिंग उघडते आणि उभे गज बाहेर फुगतात. म्हणून आता हूक १३५ अंशांत आत वळवतात आणि कॉलमच्या वरच्या-खालच्या टोकाला रिंगा जवळजवळ घेतात. मार तिथंच बसतो.

खाली पार्किंग असेल तर जास्तच घोर. वरच्या मजल्यांना भिंतींचा आधार, खाली नुसते कॉलम. सगळं डोलणं तळमजल्यावर येतं. २००१ मध्ये भूकंप भुजकडे झाला, पण दोनशे किलोमीटरहून लांब अहमदाबादेत अशा इमारती बसल्या. आपल्याकडे क्लासेसच्या भागात बघा : खाली गाड्या, वर क्लास, त्यावर होस्टेल. पोरं सगळ्या मराठवाड्यातून आलेली.

आमच्या अपार्टमेंटमध्ये रंगासाठी वर्गणी झटक्यात निघाली. कॉलम तपासू म्हटलं तर, ‘काका, तीस वर्षांत काय झालं का?’ खालच्या एका दुकानदारानं शटर रुंद करायला कॉलमची कड छिन्नीनं उडवली आणि वर टाइल लावली. छान दिसते.

इलाज आहे. प्लास्टर काढून जुन्या काँक्रीटला टाचे मारायचे, नवे गज, जवळजवळ रिंगा, आणि चारी बाजूंनी किमान चार इंच नवं काँक्रीट. गज पायातून निघून स्लॅबला भोकं पाडून वर गेले पाहिजेत. पैसे वाचवायला ते स्लॅबखालीच तोडतात. मग वजन पेलायला मदत होते, पण आडव्या हादऱ्यात कॉलमचं टोक होतं तसंच कच्चं राहतं. जागा नसेल तिथं कोपरे गोल करून कार्बन फायबर गुंडाळतात. एकच कॉलम जाड करून मात्र भागत नाही, कारण जो ताठ तो हादऱ्याचा भार स्वतःकडे ओढतो. म्हणून आधी इंजिनिअरकडून सगळ्या इमारतीचा हिशेब करून घ्यावा लागतो.

२०२४ मध्ये मार्च आणि जुलैत हिंगोलीकडे ४.५ चे धक्के बसले, चार दिवस चर्चा झाली. महापालिकेनं होस्टेल-क्लासवाल्यांकडून फायरच्या दाखल्यासारखा भूकंपाच्या तपासणीचा अहवालही मागावा. सुरुवात खाली पार्किंग असलेल्या जुन्या इमारतींपासून, आणि जूनच्या ॲडमिशनच्या आधी.

– एक निवृत्त लोखंड-फिटर, लातूर