आज तारीख किती?

प्रिय मावशी,

प्रभूच्या नावात सलाम.

मोबाइलवर लांबलचक वाचायचा तुम्हाला कंटाळा, म्हणून हे नातीकडून वाचून घ्या. चारचौघांत लिहितेय, कारण समोर आभार मानायला लागलं की तुम्ही चहाचं आधण ठेवायला उठता.

दोन वर्षांपूर्वी निवडणुकीच्या दिवसांत घरच्या ग्रुपवर दादाचं नि माझं वाजलं. त्याने काहीतरी फॉरवर्ड केलं, मी रात्री एक वाजता त्याचे वाभाडे काढले. तो ग्रुप सोडून गेला. भाऊबीज फोनशिवाय गेली. मग मी तुमच्या छावणी भागातल्या घरी आले, खरं तर तुम्ही माझी बाजू घ्याल या आशेने.

तुम्ही विचारलंत, "आज तारीख किती?"

एकवीस होती. तुम्ही शास्त्र, म्हणजे बायबल, माझ्या हातात दिलंत नि वाचायला लावलंत: स्तोत्र 21, 51, 81, 111, 141. तारखेचं स्तोत्र घ्यायचं आणि तीस-तीस मिळवत जायचं. रोज पाच, महिन्यात दीडशे पुरी. (29 तारखेला 176 ओव्यांचं 119 वं येतं, त्यामुळे फेब्रुवारी मला मनापासून आवडतो.) गाऱ्हाणं घेऊन आलेल्या मला 51 व्यात स्वतःच्याच अपराधांची कबुली मोठ्याने वाचावी लागली. 141 व्यात तर मागणं असं की, परमेश्वरा, माझ्या तोंडावर पहारा ठेव. रात्री एक वाजता तो पहारेकरी कुठे होता, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत. ते बरं केलंत.

निघताना एवढंच म्हणालात, "रोज दादाचं नाव घे. पण त्याची तक्रार देवाला सांगू नकोस. त्याची गरज सांग."

दुसऱ्या दिवशी पहाटे बसले आणि गप्पच झाले. दादाची गरज काय, हे मला माहीतच नव्हतं! त्याची मतं तोंडपाठ होती, फॉरवर्ड तोंडपाठ होते. चार दिवस नुसतं नाव घेऊन उठले. पाचव्या दिवशी लाज वाटून वहिनीला फोन केला. त्याचे गुडघे गेलेत, जिना चढताना कठड्याला धरून थांबतो, हे तेव्हा कळलं. मावशी, प्रार्थनेने मन शांत होतं असं लहानपणापासून ऐकत आले होते. प्रार्थनेसाठी चौकशी करावी लागते, हे तुमच्यामुळे कळलं.

सगळ्या सकाळी गोड गेल्या नाहीत. 19 तारखेला 109 वं आलं, वैऱ्याला दिलेले शापच शाप. घाबरून तुम्हाला फोन केला, तर म्हणालात, "तेही वाच. राग देवापुढे ओत, ग्रुपवर ओतू नकोस."

तुम्ही सांगितलेली सिस्टर राणी मारिया यांची गोष्ट मी तेव्हा नीट ऐकली नव्हती. आपल्या इंदूरजवळच्या उदयनगरात त्या आदिवासींसाठी झटायच्या. 1995 मध्ये बसप्रवासात त्यांचा खून झाला. त्यांच्या धाकट्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, पुढे तुरुंगात जाऊन मारेकऱ्यालाच राखी बांधली. 2017 मध्ये राणी मारिया यांना इंदुरातच 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. मी म्हटलं होतं, ती संत माणसं, आपलं काय. तुम्ही म्हणालात, "राखी एका दिवसात बांधली, पण तुरुंगाच्या दारापर्यंत यायला किती वर्षं गेली ते बघ." मला तर एका फोनला पाच दिवस लागले, आणि इथे फक्त फॉरवर्डचं भांडण होतं.

दादा अजून ग्रुपवर परत आलेला नाही. आमची मतंही जुळलेली नाहीत, आणि बहुधा जुळणार नाहीत. रविवारी उपासनेहून आले की मी त्याला फोन करते. तो आधी इंदुरी सेव मागतो, मग राजकारण काढतो, मी "गुडघा कसा आहे?" विचारते.

त्या गुडघ्याचं ऑपरेशन येत्या 12 तारखेला आहे. म्हणजे 12, 42, 72, 102, 132. मी सहाला बसेन, तुम्हीही त्याचं नाव घ्या. आणि सेव नातीच्या हाती पाठवतेय. लवंगाची आहे, एका बैठकीत संपवू नका.

तुमची,
सुदामा नगरवाली