नको, की जमत नाही?

काकू, सादर नमस्कार.

समोर बसून हे बोलता आलं नसतं, म्हणून लिहितोय, तेही चारचौघांत. इंदूरच्या राजेंद्रनगरात आपल्या दोन घरांमध्ये जेमतेम एक जिना आहे, तरीसुद्धा.

डिसेंबरातली ती संध्याकाळ. तुम्ही हाताला तेल चोळून गराडूचा कंद सोलत होतात, मी काप करत होतो. खाली आई कुणाला तरी माझा मंगळ समजावत होती. सदतिसावं लागलं, शांत करून झाली, तरी काही जुळत नाही म्हणून. तुम्ही मान वर न करता विचारलंत, "तुला नकोय, की तुला जमत नाही?"

स्थळं आणणाऱ्यांपैकी एकानंही हे कधी विचारलं नव्हतं. "हवंय," म्हणालो आणि सुरी हातात धरून तसाच बसलो.

मग सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजाराची गोष्ट निघाली. ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर रात्री भुट्ट्याचा कीस खाल्ला होता. "पुढच्या शनिवारी परत येऊ," ती म्हणाली. मला ती आवडत होती. शनिवारी मी फोन बंद करून झोपलो, आणि पुढे तिच्या एकाही मेसेजला उत्तर दिलं नाही. मी दगड आहे, असं तुम्हाला सांगून मोकळा झालो.

कॉलेजात मानसशास्त्र शिकवलंत तुम्ही, पण त्या दिवशी नुसती गोष्ट सांगितलीत. मेरी एन्सवर्थबाईंचा प्रयोग. वर्ष-दीड वर्षाचं मूल, अनोळखी खोली. आई बाहेर जाते, थोड्या वेळानं परतते. काही मुलं तिच्याकडे बघतही नाहीत, खेळण्यात मान घालून बसतात. गुणी बाळ, असंच कुणीही म्हणेल. पण पुढे १९७७ साली काही संशोधकांनी अशा मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले, तर ते वाढलेले निघाले!

मी सहा वर्षांचा असताना आई आजारी पडली आणि मला चार महिने देवासला मामाकडे ठेवलं होतं. "एकदाही रडला नाही हो," असं मामी अजून कौतुकानं सांगते. त्या कौतुकाचा मला राग येतो, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

माझा चेहरा बघून तुम्ही लगेच सावरलंत. "ही काही जन्मपत्रिका नव्हे. लहानपण असं गेलं म्हणून पुढे असंच होतं, असं नसतं." नाहीतर मंगळ उतरवून मी दुसरा ग्रह डोक्यावर घेतला असता. हेझन आणि शेव्हर या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली अमेरिकेत डेन्व्हरच्या एका वर्तमानपत्रात प्रेमाबद्दल प्रश्नावली छापली होती, तेही तुम्हीच सांगितलंत. उत्तरं पाठवणाऱ्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा जवळीक टाळणाऱ्यांचा होता. चारांत एक! मला वाटत होतं, अख्ख्या इंदूरात मी एकटाच. पुढे १९९१ मध्ये या टाळणाऱ्यांतही दोन तऱ्हा मांडल्या गेल्या: कुणाची गरज नाही म्हणणारे, आणि हवं असूनही घाबरणारे. मी दुसऱ्या रांगेतला. आणि ज्यांना मुळात प्रेमाची ओढच नसते, त्यांना यात ओढायचं नाही, तो आजार नव्हे, हे तुम्ही दोनदा बजावलंत.

पण आभार खरे रिक्षाचे मानायचेत. समुपदेशकाकडे पहिल्या दिवशी तुम्ही माझ्याबरोबर आलात, दाराशी मला सोडलंत आणि त्याच रिक्षानं परत गेलात. नंतर "काय म्हणाले?" असं एकदाही विचारलं नाहीत. आपल्या कॉलनीत हे किती अवघड आहे, ते मला ठाऊक आहे.

सराफ्यावालीला मी माफीचा मेसेज केला. तीन दिवसांनी उत्तर आलं, "बरं." एवढंच, आणि तेवढंच योग्य.

तुमचा गराडूचा डबा अजून माझ्याकडेच आहे. रिकामा परत द्यायचा नाही म्हणते आई, म्हणून राहिला. सबब आहे, ओळखलं असेलच तुम्ही. रविवारी घेऊन येतो.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा