मागचं उगाळतोय म्हणालास म्हणून

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू म्हणालास ना, २६ जानेवारी १९५० ला घटना लागू झाली, सगळे एका लाइनीत आले, आता मागचं उगाळण्यात काय पॉइंट आहे, तेव्हा मी बसमध्ये होतो म्हणून गप्प बसलो, नाहीतर आवाज चढला असता. आता लिहितो.

तू तर पक्का सोलापूरकर. १९३० चा मार्शल लॉ, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले धनशेट्टी, कुर्बान हुसेन, सारडा, शिंदे, ही चार नावं तुला झोपेतनं उठवून विचारली तरी सांगशील. पण त्याच गावात त्याच काळी तारेच्या कुंपणाआड माणसं ठेवली होती हे आपल्याला शाळेत कोणी सांगितलं का रे? त्या कुंपणाआडच्या वस्तीलाच सेटलमेंट म्हणायचे, आपल्यासाठी मात्र सेटलमेंट म्हणजे रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता. पारधी, कैकाडी अशा जमातीत जन्मलं की गुन्हेगार, काही केलं असो नसो, रोज हजेरी द्यायची, बाहेर जायचं तर पास काढायचा. १८७१ चा इंग्रजांचा कायदा. तो देशभरातनं पूर्ण गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर पाच वर्षं सोळा दिवसांनी, घटनेत देशभर कुठंही फिरायचा हक्क लिहून अडीच वर्षं झाल्यावर. म्हणून त्या कायद्यातनं सुटलेली ही माणसं, म्हणजे विमुक्त, ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. आणि पुढं १९५९ मध्ये आपल्या मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला. त्यात जातीचं नाव नाही, पण चोरी झाली की गाडी आधी कुठल्या पालावर जाते हे तुलाही माहितेय.

सगळ्यात डोकं फिरतं ते जातीच्या दाखल्यापाशी. विमुक्त-भटक्यांच्या पोराकडे २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा रहिवासाचा पुरावा मागतात. अरे, ज्याचा आजा एका गावात टिकूच दिला नाही त्यानं कुठला सातबारा आणायचा! दाखला नाही म्हणजे सवलत नाही, स्कॉलरशिप नाही, आणि उद्देशिका मात्र पुस्तकाच्या पहिल्याच पानावर, 'दर्जाची व संधीची समानता'.

आणि हे सगळं जुनं म्हणशील, तर ३ ऑक्टोबर २०२४ चा निकाल वाच. सुकन्या शांता या पत्रकार बाईंनी केस केली, तेव्हा कुठं सुप्रीम कोर्टानं तुरुंगाच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढायला लावला आणि विमुक्तांना जन्मजात सराईत समजू नका असं सांगितलं. २०२४ मध्ये, बंड्या.

उत्तर लिहूनच पाठव, फोनवर तू मला बोलू देत नाहीस. काकूंना नमस्कार.

तुझा,
अव्या