आई-बाबांना, नेपल्सहून

ती. आई-बाबांस, सा. न.

मी सुखरूप आहे, हे आधी. एकटी नाही, ऑफिसातली मैत्रीण बरोबर आहे. रात्री उशिरा बाहेर नसतो (फारसं नाही). बाबा, इथला ज्वालामुखी व्हेसुव्हियस शेवटचा पेटला तो १९४४ साली, आणि त्याच्यावर लक्ष ठेवणारी वेधशाळा १८४१ पासूनची आहे. उगाच घाबरू नका.

हे गाव पायीच बघायचं. जुन्या वस्तीतून सरळ जाणारी स्पाक्कानापोली ही गल्ली ग्रीकांच्या वेळची, अजून तिच्यातून स्कूटरी धावतात. ग्रीकांनी जमिनीखालचा मऊ दगड काढून वर घरं बांधली, रोमनांनी त्या पोकळ्यांतून पाणी खेळवलं, आणि दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडू लागले तेव्हा लोक तिथेच लपले. ४० मीटर खाली उतरावं लागतं. बाबा, तुम्हाला हे फार आवडलं असतं. गुडघ्यांना झेपलं नसतं, अशी मीच माझी समजूत घातली.

सानसेव्हेरोच्या चॅपेलमध्ये १७५३ सालचा संगमरवरी ख्रिस्त आहे. अंगावरचं झिरझिरीत वस्त्रही त्याच दगडातलं. फोटो काढू देत नाहीत, म्हणून पाठवला नाही.

आणि आई, इथली कॉफी! उभ्या उभ्याच प्यायची, बोटभर, दोन घोटांत संपते. आधी पाण्याचा ग्लास देतात. खरी गंमत पुढे. काही जण एक कॉफी पिऊन पैसे दोनचे देतात. दुसरी कुणाची? कुणाचीच नाही. ज्याच्या खिशात पैसे नसतील तो मागून येतो, 'कुणी ठेवलीय का?' एवढंच विचारतो आणि पिऊन जातो. देणाऱ्याला घेणारा दिसत नाही, घेणाऱ्याला देणारा. मग हिशेब कोण बघतं, कुणी लबाडी केली तर? मी मैत्रिणीला इतकं विचारलं की ती वैतागली. शेवटी मीही एक ठेवली. ओरडू नकोस, युरोभराचीच होती.

घराचा हप्ता गेलाय. बाबांच्या मोतीबिंदूचे पैसे वेगळे आहेत, या सहलीसाठी त्यांना हात लावलेला नाही. दिवाळीला आली नाही आणि इथे बरी गेली, असं मावशी म्हणेलच. तिला सांग, तेव्हा रजा नव्हती, आणि ही शनिवार-रविवारला जोडून मिळाली तेवढीच.

सांगलीच्या स्थळाचा फोटो पाहिला. मुलगा बरा वाटतो, पण त्याला बंगळूर सोडायचं नाही आणि माझं म्युनिकचं काम जूनपर्यंत आहे. मी त्याच्याशी बोलते, तोवर होकार कळवू नका, नकारही नको. मार्चचं तिकीट बघतेय. डॉक्टर चालेल म्हणत असतील तर ऑपरेशन तेव्हाच ठेवा. नसतील तर थांबू नका, काकाला बरोबर न्या.

तुमची,
सोनू